मास्तर पुन्हा बसले

मास्तर शिवायला बसले की त्यांना जेवणाचंही भान राहत नसे. छपरावरून पडून कंबरेखालचं अंग गेलं, तरी ते खचले नाहीत. मशीनला मोटर बसवली, तिचं पायडल टेबलावर घेतलं आणि कोपराने दाबत, चाकाच्या खुर्चीतूनच कपडे शिवू लागले.

मग बुडाला जखम झाली. तिथे काही जाणवतच नव्हतं, तर दुखणार काय? रोज आरशात बघायचं कामाच्या गडबडीत राहून गेलं. बायकोच्या नजरेला पडली, तोवर जखम हाडापर्यंत पोहोचली होती.

इस्पितळात सर्जनबाईंनी खुर्चीतली उशी मागवली. हवेच्या उशीवर जाड कापडाची खोळ, मधोमध दुहेरी शिवण.

"ही कारागिरी कुणाची?"

"आमचीच!" मास्तर पालथे पडल्या पडल्या खुलले. "धुऊन धुऊन उसवू नये म्हणून दोनदा मारलीय."

"याच शिवणीवर तुम्ही दिवसभर बसत होतात."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या शिवणीला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

ऑपरेशनमध्ये बाईंनी सडलेलं काढलं, हाड घासलं आणि मांडीचं मांस कातडीसकट वळवून खड्डा भरला.

"ठिगळच की!" मास्तर म्हणाले.

"हो, पण जिवंत. आणि हे उघडलं तर दुसरं लावायला कापड उरणं कठीण."

म्हणजे खुर्ची सुटली, मशीन सुटलं. मास्तर आठवडेच्या आठवडे मुकाट पालथे राहिले. बायको उशा सरकवी, कूस बदलून देई. कुरकुर तोंडाने चाले, हात कधी कुरकुरले नाहीत.

अखेर सर्जनबाईंनी त्यांना थोडा वेळ बसवलं आणि परत खाटेवर निजवलं. बायको वाकून ठिगळ बघू लागली.

"लाल दिसतंय," ती हळूच म्हणाली.

लाली थोड्या वेळात गेली तर ठीक, नाहीतर कठीण, असं सिस्टरने बजावलं होतं. मास्तरांनी उशीत तोंड खुपसलं.

"अगं, सांग ना!"

"थांबा हो, बघतेय."

ती बघत राहिली. मग तिने सुटकेचा श्वास टाकला. "गेली. पार गेली हो!"

मास्तरांना रडू आवरेना. त्यांना स्वतःला न कळणारं त्यांचं अंग ही बाई डोळ्यांत तेल घालून जपत होती.

"तुझे फार उपकार झाले गं."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आज सुचलं होय!" तिने पदराने आधी त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "झोपा आता. उद्या परत बसायचंय."