न विचारलेलं आणि रिकामं

रुग्णालयात सगळे तिला ‘कॉम्प्युटरवाली ताई’ म्हणत. सलाइनच्या खोक्यांना खेटून तिचं टेबल. कोणत्या रुग्णाला कोणती औषधं चालत नाहीत याची यादी तपासून औषधांच्या चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम तिनेच पायथन या संगणकभाषेत लिहिला होता. त्या सकाळी तो एका म्हाताऱ्यापाशी अडून बसला. म्हाताऱ्याच्या नावापुढे यादीच नव्हती. अशा जागी पायथन ‘नन’ (None), म्हणजे ‘इथे काहीच नाही’ अशी खूण ठेवतो, आणि जे नाहीच ते एकेक करून वाचायला सांगितलं की सरळ हात वर करतो.

चिठ्ठ्या खोळंबल्या तसे व्यवस्थापक खाली आले.

“भाच्याला फोन केला होता, तोही प्रोग्राम लिहितो. एका ओळीचं काम आहे म्हणे. यादी नसेल तिथे रिकामी यादी धरायची.”

“ओळ एकच आहे, साहेब. पण रिकामी यादी म्हणजे याला सगळी औषधं चालतात. इथे कोणी विचारलेलंच नाही.”

“अहो, काही असतं तर लिहिलं नसतं का?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विचारायचा कंटाळा करायचा आणि त्या कंटाळ्याला ‘काही नाही’ असं गोंडस नाव द्यायचं. उद्या कोणाचा श्वास अडकला की हेच साहेब म्हणणार, कॉम्प्युटरमध्ये तसंच होतं.

“तुमच्या आईची चिठ्ठी असती तर रिकामी धरली असतीत?”

“आईला कशाला मध्ये आणता?”

“हा म्हातारासुद्धा कोणाचा तरी बापच आहे.”

तिने प्रोग्राम बदलला. यादी असलेल्यांच्या चिठ्ठ्या छापायच्या. नसलेल्यांची चिठ्ठी अडवून नावापुढे ‘विचारलेले नाही’ असं छापायचं. अशा नावांनी अख्खा कागद भरला. वॉर्डातल्या सिस्टरने तो बघून कपाळाला हात लावला.

“ताई, आमच्या कामात भर घातलीत की.”

“भर कसली? राहिलेलंच आहे. चला, मीही येते.”

म्हातारा उशीला टेकून बसला होता. कोणतं औषध बाधतं का, असं सिस्टरने विचारल्यावर तो म्हणाला, “मला सगळं चालतं, बाई. सुनेच्या हातची भाजीसुद्धा.”

मागोमाग आलेले व्यवस्थापक दारातच हसले. “बघा. शेवटी रिकामीच ना?”

“आता रिकामी,” ताई म्हणाली. “सकाळी नव्हती.”

आणि त्यांच्याकडे न बघता ती पुढच्या खाटेकडे वळली.