पॅकिंग जुना झालाय

मला काढून टाकायचं ठरलं आहे, आणि काढताना पत्र्याने खरवडावं लागणार आहे, हे मी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं. रविवारची सकाळ होती. मी दात घासत होतो.

मी मूळचा वाशीमकडचा. आठवीत शाळेने मला सोडलं (घरी मी 'शाळा सोडली' असं सांगतो) आणि फिरत फिरत पनवेलला आलो. कोन गावाच्या पुढे एका गोदामात पॅकिंगला आहे. खोकी भरायची, टेप मारायची, 'ही बाजू वर' असं चिकटवायचं. आमचे घरमालक नाना. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काम काय करतंस?" मी म्हणालो, "पॅकिंग." त्या दिवसापासून माझं नाव पॅकिंग. रत्ना ही पॅकिंगची बायको आणि परी ही पॅकिंगची पोर. माझं खरं नाव नानांना आजही माहीत नाही.

पण नानांबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही. परीच्या वेळी रत्नाला कळा सुरू झाल्या आणि एकही रिक्षा थांबेना, तेव्हा नानांनी आपली जुनीपुराणी जीप काढली. हॉर्नवरचा हात थेट हॉस्पिटलच्या दारात उचलला. आम्ही पोचलो आणि परी झाली, मधे कागद भरायलाही वेळ मिळाला नाही! त्या जीपला मी आजही येता-जाता नमस्कार करतो.

अशा माणसाची खोली आपल्या हातून जाऊ नये, ही एकच काळजी मला चोवीस तास असते. मोरीतला नळ गळतो, तेही मी कधी सांगितलं नाही. खाली बादली ठेवतो आणि बादली भरली की मीच ओशाळतो.

तर त्या सकाळी नाना ओट्यावर बसून फोनवर बोलत होते. (नाना बोलत असताना मधे फोन नसता तरी चाललं असतं.)

"मिस्त्री, पॅकिंग जुना झालाय. आता काढूनच टाकाचा!"

ब्रश माझ्या तोंडातच राहिला.

"नाय नाय, दुरुस्त नाय होनार. चार वरसं चालवून घेतला. आता नुसता फुगलाय!"

मी पोटाकडे पाहिलं. खोटं म्हणता येत नव्हतं.

"सगल्या अंगनाची वाट लावलीय त्यानी."

परीने खडूने अंगणभर मोर काढले होते. म्हणजे तेही बघितलं होतं तर!

"हां, चिकटून बसलाय. सुखानी नाय निघनार. पत्रा आन, खरवडून काढू. चार वाजता ये. आनि नवीन घेऊनच ये, आजच बसवू."

नवीन! माझ्या जागी! आजच!

मी फेसाळलेल्या तोंडानेच खोलीत गेलो.

"रत्ना, सामान बांध."

"कायले?"

"नाना काढून राह्यले आपल्याले."

"आता काय करून बसले जी तुम्ही?"

"मी काहीच नाही केलं."

"तेच तं! चार वर्षांत त्यांच्या घरचं एक काम नाही केलं तुम्ही!"

आता मला गुन्हाही सापडला.

पुढचे सहा तास मी जे काम केलं, ते गोदामातल्या साहेबाने पाहायला हवं होतं. कपबशा कागदात गुंडाळल्या. आरशाला चारी बाजूंनी पुठ्ठा लावला. शेगडी सगळ्यात आधी बांधली, आणि मग दुपारी सगळ्यांना भूक लागली. बाहुलीला फुग्यांचा कागद गुंडाळला, तेव्हा "तिला श्वास घेता येत नाहीये!" म्हणून परीने आकांत मांडला. बाहुलीसाठी खोक्याला भोक पाडावं लागलं. गोदामाच्या सवयीने खोक्यांवर आत काय आहे ते न लिहिता नुसते नंबर टाकले. एकूण अकरा खोकी झाली. रत्नाच्या चपला त्यांतल्या कुठल्या तरी एकात गेल्या, म्हणून ती अनवाणीच बाहेर आली.

ठीक चार वाजता रज्जाकमिस्त्री आले. एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पत्रा. लखलखीत!

"कुठंय पॅकिंग?" त्यांनी विचारलं.

"ह्यो काय समोर," नाना म्हणाले.

समोर मी होतो. माझ्या मागे जीप होती, पण तिच्याकडे माझी पाठ होती. मी हात जोडून पुढे झालो.

"मिस्त्री, पत्रा खाली ठेवा. मी आपणहून निघतो."

मग मी नानांचे पाय धरले. "नाना, परक्या मुलखात आसरा दिलात. काही चुकलं असेल तर पोटात घाला. नवीन माणसाला एवढं सांगा, मोरीतला नळ डावीकडे दाबून बंद करायचा."

रत्ना नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, गळ्यात पडली. काकींनी कारण न विचारता तिच्याहून मोठा सूर लावला. नानांनी दारातली अकरा खोकी पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढली.

"गावाकडचा कोन गेला रं?"

"कोणी नाही, नाना. आम्हीच चाललोय."

"मिस्त्री, आटप लवकर!" नाना ओरडले. "ह्यांना ठेसनावर सोडाचाय!"

मला वाटलं, एवढी घाई?

रज्जाकमिस्त्रींनी मात्र आमच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी जीपचं बॉनेट उघडलं, एकेक बोल्ट सोडवला, इंजिनावरचं झाकण उचललं आणि पत्र्याने खरवडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने एक काळा, तेलकट तुकडा वर धरला.

"हे बघा नाना, पॅकिंग. पार बिस्कीट झालंय. तेल सगळं इथूनच अंगणात गळत होतं."

मी पाहिलं. तो जुना होता. फुगला होता. चिकटून बसला होता. (नानांच्या बोलीत 'झालं'चं 'झाला' होतं. दूधसुद्धा 'नासला' असतो. चार वर्षं हे ऐकतोय! पण माणूस घाबरला की व्याकरण सुटतं, आणि माझं तर आठवीलाच सुटलेलं.)

"नाना, पॅकिंग म्हणजे... हे?"

"मंग काय तू?" नाना म्हणाले. आणि म्हणता म्हणता थांबले. खोक्यांकडे बघितलं, रत्नाच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मला वाटलं, आता हसतील. पण हसले नाहीत. ओट्यावर खाली बसले.

"भंगारवाला चार येला येऊन गेला या गाडीसाठी. नाय दिली. तुजी पोर हिच्यात बसून आलीय. गाडी नाय टाकली मी, मानूस टाकीन?"

मग मला जे रडू फुटलं ते आवरेना. मी जीपला धरूनच रडलो.

"भाई, जरा बाजूला होऊन रडा," रज्जाकमिस्त्री म्हणाले. "इंजिन उघडं आहे. आत पाणी जाईल."

त्यांनी डिझेलच्या फडक्याने झाकणाची कड पुसली, नवीन पॅकिंग बसवलं आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. नानांनी इंजिन चालू केलं. मी इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला. त्या दुपारी माझ्या हातून झालेलं तेवढंच उपयोगी काम! आम्ही सगळे उकिडवे बसून पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. दहा मिनिटं झाली. एक थेंब पडला नाही.

"अल्ला का शुकर," मिस्त्री म्हणाले. काकींनी चहा आणला. कप त्यांचेच होते. आमचे कुठल्या नंबरात आहेत, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

शेगडी दोन दिवसांनी सापडली, सात नंबरात, बाहुलीच्या खाली. तोवर आम्ही काकींकडेच जेवलो. आणि पुन्हा असा घोटाळा नको म्हणून नानांनी माझं नाव बदललं. आता ते मला 'गॅसकेट' म्हणतात.

मी रज्जाकमिस्त्रींना अर्थ विचारला.

"एकच चीज आहे, भाई. पॅकिंगलाच इंग्रजीत गॅसकेट म्हणतात. दोन्ही बाजूंनी दाबून धरलंय तोवर ठीक. जरा ढिलं सोडलं की गळायला लागतं."

जीपमधलं गॅसकेट त्या दिवसापासून गळलेलं नाही. दुसऱ्याची खात्री मिस्त्री देत नाहीत.