नूबेचे केस

ओब्दुलिया सारांगोने आमच्या चिल्कालोमाच्या खिंडीमातेला, म्हणजे चर्चमधल्या मारियेच्या मूर्तीला, एकेचाळीस वर्षं कपडे घातले. त्यातली शेवटची पंचवीस वर्षं मी तिच्याबरोबर होते. मी शिवणकाम करते, म्हणून झग्यांची दुरुस्ती आणि जरीकाम माझ्याकडे. बाकी सगळं तिच्याकडे. सप्टेंबरच्या सणाआधी दोन दिवस, दुपारची जेवणं झाली की ती चर्चमागच्या कपड्यांच्या खोलीत जायची आणि दाराला आतून कडी घालायची. पुरुषांना तिथे बंदी. फादरनाही.

पहिल्या वर्षी मातेचा झगा उतरवला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले. चेहरा आणि हात तेवढे कोरलेले होते. गळ्याखाली काहीच नव्हतं. चार उभ्या पट्ट्या, मध्ये पोकळी, आणि त्या पोकळीतून पलीकडची भिंत दिसत होती.

“कोणाला सांगू नकोस,” ओब्दुलियामावशी म्हणाली. “आणि तोंड मिट, रोसेंदा. ती बघतेय.”

केस मात्र खरे होते. आमच्याकडे मुली नवस फेडायला मातेला वेणी देतात. त्या वर्षी डोक्यावर होते ते मावशीच्याच मुलीचे, नूबेचे. मावशीच्या पोटात गाठ झाली होती आणि क्वेंका शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा सोळा वर्षांची नूबे कंबरेपर्यंतच्या वेणीचा नवस बोलली. गाठ विरली. नूबेने स्वतः कात्री आणून आईच्या हातात दिली. मावशीने एकेक बट जाळीदार कापडावर टाचून त्याचा टोप केला. महिनाभर ती तेच करत बसली होती.

“डोकं किती हलकं झालंय!” नूबे मान हलवून हलवून सांगायची. “मातेची मान आता दुखणार बघा.”

पुढच्या वर्षी ती चोरवाटेने उत्तरेला, डॉलर कमवायला निघाली. माझा भाऊ सेर्विलियो, त्याचा एक मित्र आणि नूबे, असे तिघं एका दलालाबरोबर गेले. तेव्हा गावातून दर आठवड्याला कोणीतरी जायचंच. ग्वाटेमालातून तिचा फोन आला, मग मेक्सिकोच्या सरहद्दीवरून. त्यानंतर काही नाही. दोन महिन्यांनी सेर्विलियोचा फोन आला. वाळवंटात नूबेचा पाय मुरगळला, ती एका झुडपाखाली बसली, मागून दुसरी टोळी येत होती, ते तिला घेऊन येणार होते, एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला.

वर्ष झालं, दोन झाली. बायका मावशीला समजवायला लागल्या, आता मुलीच्या नावाने मृतांची मिस्सा सांग, नऊ दिवस जपमाळ म्हणू, तिच्या आत्म्याला तरी शांती. मावशी त्यांना उकडलेला मका आणि चीज वाढायची, आणि मिस्सेचं नाव काढलं की ताटं उचलायला लागायची.

नूबे गेल्यावर सहाव्या वर्षीची गोष्ट. खोलीत आम्ही दोघीच होतो. मावशीने टोप गुडघ्यावर घेतला होता आणि रोझमेरीच्या पाण्यात कंगवा बुडवून ती विंचरत होती. एकदम तिचा हात थांबला.

“इकडे ये. काय दिसतं?”

“मेणाचा थेंब असेल.”

“नीट बघ.”

मी टोप उचलून तो केस खिडकीशी धरला. पांढरा होता. पण सगळा नव्हे. टाक्याच्या बाजूने, म्हणजे मुळाकडून, दोन बोटं पांढरा आणि पुढे टोकापर्यंत काळाभोर. कापलेला केस जुना झाला तर पिंगट पडतो, टोकाकडून तुटतो, हे मला ठाऊक होतं. हा डोक्यावरच्या केसासारखा पिकला होता.

“आमच्या घरात लवकर पिकतात,” मावशी शांतपणे म्हणाली. “मलाही पहिला बाविसाव्या वर्षी आला. नूबे आता तेवीस वर्षांची.”

मी टोप घाईने तिच्या गुडघ्यावर परत ठेवला. तिने मात्र तो केस बाकीच्यांत मिसळला, टोप चढवला, मुकुट ठेवला आणि गुणगुणत झाडू मारायला घेतला. त्या दिवसापासून कोणी मिस्सेचा विषय काढला की ती म्हणायची, “मेलेल्या माणसाचे केस पिकत नाहीत, बाई.”

मग दरवर्षी आम्ही बघायचो. कपाळाच्या वर एक बट, मग कानशिलांवर. लांबी कधी वाढली नाही, फक्त रंग मुळाकडून खाली उतरत गेला. एका वर्षी टोप काढला तर खोलीभर तळणीचा वास सुटला, दिवसभर कढईसमोर उभ्या राहिलेल्या बाईच्या डोक्याला येतो तसा. मी खिडकी उघडायला गेले, तर मावशी म्हणाली, “राहू दे. कुठल्या तरी हॉटेलात लागलीय.” तिने केसांत नाक खुपसलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून झग्याचं बटण शिवत राहिले. ते बटण आधीच शिवलेलं होतं.

गावाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मिरवणुकीत पोरी कुजबुजायच्या, “मातेचं वय होतंय.” म्हाताऱ्या क्रुसाची खूण करायच्या आणि डोळे खाली घालायच्या. फादर एफ्रेन नवे आले होते, तरुण, शहरातले. त्यांनी नायलॉनचा तपकिरी टोप मागवला आणि मावशीला बोलावलं.

“मावशी, लोक घाबरतात हो. निदान कलप तरी लावा.”

“मूल गेल्यावर आईचे केस पिकतात, फादर,” मावशी म्हणाली. “तिचाही मुलगा गेला होता की.”

नायलॉनचा टोप खोक्यात राहिला.

नूबे गेल्यापासून एकविसाव्या वर्षी सेर्विलियोला तिकडचे कागद मिळाले आणि तो पहिल्यांदा घरी आला. पोट सुटलेलं, हातात घड्याळ, पोरांसाठी बूट. सणाच्या दिवशी त्याने मातेच्या पालखीला खांदा द्यायचा हट्ट धरला. नवस आहे म्हणाला. भर दुपार होती, पण खिंडीतून धुकं इतकं खाली आलं होतं की पुढचे बँडवाले नुसते ऐकू येत होते.

उतारावर पालखी पुढे झुकली. मातेचे मोकळे केस खांद्यावरून सरकले आणि सेर्विलियोच्या मानेवर पडले. असं दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या मानेवर पडतात. पण तो जागच्या जागी थांबला. मागचे त्याच्यावर आदळले.

“चल ना रे गड्या!” मागून कोणी ओरडलं. “डॉलर जड झाले का?”

सेर्विलियोचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. “तहान लागलीय म्हणतेय,” तो म्हणाला.

“कोण?”

“ती. तहान लागलीय म्हणतेय.”

लोकांना वाटलं, सकाळपासून दालचिनीची दारू झालीय. त्याला बाजूला घेतलं, दुसऱ्याने खांदा दिला. मी त्याच्या मानेवर हात ठेवला. धुक्याने सगळ्यांची अंगं गार पडली होती. त्याच्या मानेवर जिथे केस टेकले होते तेवढीच पट्टी तापलेल्या दगडासारखी गरम होती.

संध्याकाळी तो मावशीच्या स्वयंपाकघरात गेला. मी बरोबर होते. तो चुलीपुढे गुडघ्यांवर बसला आणि एकवीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलला. मागून कोणतीही टोळी येत नव्हती. नूबे झुडपाखाली झोपली होती. तिच्याजवळ पाण्याची अर्धी बाटली होती. ती याने उचलली.

“जागी झाली असेल ना ती,” तो म्हणाला. “मी रोज तोच विचार करतो. जागी होऊन हात फिरवला असेल.”

मला माझ्याच भावाकडे बघवेना. मावशीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“उठ,” ती म्हणाली. “तुझे गुडघे घेऊन मी काय करू? जागा सांग.”

त्याला एक फुटक्या सुळक्याचा डोंगर आठवत होता. परत गेल्यावर तो स्वतःच वाळवंटातल्या बेवारस प्रेतांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत गेला. त्यांनी मावशीच्या लाळेचा नमुना मागवला. दीड वर्षाने पत्र आलं आणि पत्रामागून पेटी, लहान मुलाच्या शवपेटीएवढी. हाडं नूबेची होती. पत्रात लिहिलं होतं की ती त्याच उन्हाळ्यात वारली, सतराव्या वर्षी.

सगळं गाव दफनाला आलं. माती टाकून झाली आणि लोक एकेक करत चर्चच्या दाराशी जमले. उघड्या दारातून मातेकडे बघत उभे राहिले. अर्ध्याहून जास्त पांढरे झालेले केस मेणबत्त्यांच्या उजेडात दिसत होते. कोणी आत जाईना.

फादर एफ्रेन हळूच म्हणाले, “मावशी, आता तरी...”

“हाडं तिची आहेत, फादर. केसही तिचेच आहेत. दोन्हींचं मी बघते.” ती एकटी आत गेली आणि पहिल्या बाकावर बसली.

पुढच्या सणाला दाराला कडी घातल्यावर मी विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता.

“मावशी, मग एवढी वर्षं म्हातारं कोण होत होतं?”

“नूबेच.”

“आणि तो तळणीचा वास? तिथे वर?”

“तिथेही कोणीतरी तळत असेलच की. सगळे संत काय उपाशी बसतात?” ती हसली; पेटी आल्यापासून पहिल्यांदा. मग कंगवा फिरवत म्हणाली, “सतराचीच राहिली असती, तर मी गेल्यावर आम्ही दोघी बोललो काय असतो गं? आजी आणि पोर. मातेने तिला वाढू दिलं. आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि वाढू दिलं.”

त्यानंतर दीड वर्षाने मावशी गेली. दिवसाउजेडी, खुर्चीत बसल्या बसल्या, हातात जपमाळ होती. तिला नूबेशेजारी ठेवलं. सेर्विलियो आला नाही.

आता कडी मी घालते. हाताखाली अजून कोणी घेतलेलं नाही. कोणाला घ्यावं आणि काय सांगून घ्यावं, ते कळत नाही. केसांत आता काळा उरलेला नाही.

या वर्षी टोप डोक्यावरून काढायचं मला धाडस झालं नाही. मातेच्या मागे उभी राहून तशीच विंचरत होते. तीन पेड केले, वेणी घालायला घेतली, आणि लाकडाची ती मान किंचित मागे आली. आई वेणी घालत असताना पोरी तिच्या हातांवर डोकं टाकतात, तशी. ते वजन माझ्या बोटांवर आलं. पट्ट्यांमधल्या पोकळीतून भिंत दिसत होती.

मी हात काढले नाहीत. नमो मारिया म्हणत वेणी शेवटपर्यंत घातली आणि टोकाला निळी फीत बांधली.