फ्रीझरच्या दाराबाहेर उरलेला जोड

जेवणाची सुट्टी झाली, सगळे कॅन्टीनला गेले आणि फ्रीझरच्या दाराबाहेर चपलांचा एक जोड उरला.

"सायेब, आत कुणीतरी हाय," हवालदार म्हणाले.

साताऱ्याजवळचं कोल्ड स्टोरेज. गोठवलेली स्ट्रॉबेरी उणे वीस अंशांवर ठेवायची. मी एनर्जी ऑडिटर, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते शोधून देणारा माणूस. हवालदार तिथले सुपरवायझर, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

पहिल्याच दिवशी मला विजेचा एक चोर सापडला होता. ये-जा सोपी व्हावी म्हणून माणसं दारात क्रेट अडकवून ठेवत. थंडी बाहेर जायची, दमट हवा आत यायची आणि कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकायचा. मी क्रेट काढायला लावला आणि दार आपोआप लावणारा क्लोजर बसवला. दुसरा चोर म्हणजे दाराचा हीटर. चौकटीत एक तार असते, ती चौकट कोमट ठेवते, म्हणजे दाराचं रबर गोठून चिकटत नाही. तो चोवीस तास चालू असायचा. बाहेर एवढं ऊन असताना दार गोठतंय कुठलं, असं म्हणून मी तो दिवसा बंद ठेवला. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

राहिल्या चपला. माणसं त्या दाराशीच काढून गमबूट घालत. "गेटजवळच्या रॅकमध्ये ठेवायला सांगा," मी दोनदा बजावलं होतं. हवालदार "व्हय सायेब" म्हणायचे आणि काहीच करायचे नाहीत. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

आता त्याच चपला बघून मी दार ओढलं. हललं नाही. हवालदारांनी ओढलं, तरी नाही. रबर चौकटीला गोठून बसलं होतं. आतून ढकलायचा दांडा असतो, पण दारच चिकटलं तर दांडा काय करणार? आत मदतीची घंटा होती, ती कधीपासून बंद पडलेली. मी ती तपासलीच नव्हती. ते माझं काम नाही, असं धरून चाललो होतो.

उणे वीसला माणूस किती वेळ तग धरतो, हे मी इतरांना शिकवलेलं. तेव्हा एकही आकडा आठवेना. दाराला कान लावला तर फक्त पंख्यांची घरघर.

"पंखे बंद करा! कॅन्टीनमधून गरम पाणी आणा!" मी ओरडलो.

पंखे थांबले. मग आतून ऐकू आलं. ठक. बऱ्याच वेळानं पुन्हा ठक.

"आलो गं बाय, आलो!" हवालदार दारावर हात आपटत म्हणाले. चपला कुणाच्या ते त्यांनी एव्हाना ओळखलं होतं. माल रचणारी सुनंदा, माण तालुक्यातली. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तिनं तो लाल दोऱ्यानं शिवलेला.

चौकटीवर पातेली रिकामी केली, पहार घातली, चौघांनी जोर लावला. दार कर्रकन सुटलं. सुनंदा उभी होती. भुवया पांढऱ्या पडलेल्या. ऊब राहावी म्हणून ती एका भिंतीचे क्रेट दुसऱ्या भिंतीला रचत होती.

कांबळ्यात गुंडाळून चहा पाजला तेव्हा तिला शब्द फुटले. "लय ढकललं वो दार. म्हटलं, माझ्यातच जोर ऱ्हायला न्हाई."

मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरांनी बोटं तपासली, धोका नव्हता. बाहेर आल्यावर हवालदार म्हणाले, "फौजेत गस्त परत आली की आमी माणसं मोजायचो. हितं चपला मोजतो. ऱ्हाऊ द्यायच्या का आता हितंच?"

"राहू द्या," मी म्हणालो.

हीटर त्याच दिवशी पुन्हा चालू केला, घंटा दुरुस्त झाली. रिपोर्टमध्ये विजेची बचत ठरल्यापेक्षा कमी भरली. का, तेही मी माझ्या नावानिशी लिहिलं.

आता कुठल्याही फ्रीझरला काही सुचवायच्या आधी मी माझे बूट दाराबाहेर काढतो, गमबूट चढवतो, आत जातो आणि दार लावून घ्यायला सांगतो. ते मला आतून उघडता आलं, तरच विजेचं बोलतो.