जुहूचं हॉटेल आणि दादाचं ‘येस’

दादाची तार आली तेव्हा माय ओट्यावर वाळलेल्या मिरच्यांचे देठ खुडत होती. मी तार वाचून दाखवली. कंपनीच्या कामासाठी तो मुंबईत येतोय, गावी यायला सवड नाही, म्हणून आम्ही दोघींनी मुंबईला यावं, राहायची सोय त्याच्याच हॉटेलात केली आहे. मायने मिरच्यांचं सूप बाजूला सारलं आणि गावाबद्दल काय लिहिलंय ते पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तेच होतं.

हा ब्लॉग वाचणारे मला नेहमी विचारतात, की शहरात असून बेटावर गेल्यासारखं वाटायला लावणारी जी महागडी हॉटेलं असतात, ती खरंच तशी असतात का, तिथे पैसे घालावेत का. आज माझ्या अशा पहिल्या मुक्कामाबद्दल लिहिते. गोष्ट साठीच्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यातले. गाव धानोरा. मी बी.ए. होऊन नंदुरबारच्या शाळेत मराठी शिकवू लागले होते. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, इंजिनिअर होऊन सिंगापूरला गेला होता. वडील वारले तेव्हा तो पोचू शकला नाही, आणि त्यानंतर आलाच नाही. पैसे मात्र वेळेवर पाठवायचा. मायला पैशांशी काही देणंघेणं नव्हतं. वडलांच्या मागे तो एकदा तरी आपल्या दारात यावा, ओट्यावर पाय सोडून बसावा आणि तिच्या हातचं जेवावा, एवढंच तिला हवं होतं.

आधी ती म्हणाली, मी कशाला जाऊ, यायचं तर त्याने यावं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गाठोडं बांधून तयार.

“मीच जास आन त्याले लई येसू,” ती म्हणाली. म्हणजे मीच जाते आणि त्याला घेऊन येते. बेत असा होता तर.

धानोऱ्याहून नंदुरबारपर्यंत बैलगाडी आणि तिथून सुरतेची पॅसेंजर. हा रेल्वेमार्ग आजही तोच आहे, आणि आजही माझा सल्ला तोच, की खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका. नवापूरच्या पुढे रुळाच्या दोन्ही बाजूंना साग आणि डोंगर लागतात, स्टेशनं लहान असतात, आणि टोपल्यांत सीताफळं घेऊन डोंगरातल्या बाया फलाटावर उभ्या असतात. खाणं घरून न्यावं. मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. दोघींना लागेल त्याच्या तिप्पट. मी विचारलं नाही कुणासाठी. सुरतेला गाडी बदलायची असते. त्या फलाटावर मायने गाठोडं जमिनीवर टेकू दिलं नाही, मांडीवरच धरून बसली.

मुंबईला दादाने गाडी पाठवली होती. तो स्वतः कामात होता.

हॉटेल जुहूच्या वाळूला लागून होतं. नाव सांगत नाही, कारण त्याची जाहिरात करायची नाही आणि निंदाही. फाटकातून आत गेलं की शहर संपायचं. नारळाची झाडं एका उंचीची, जणू कुणी मापून लावलेली. हिरवळीच्या मध्ये निळ्या पाण्याचा तलाव, भोवती वेताच्या लांब खुर्च्या. वेटर फुलाफुलांच्या सदऱ्यांत. जेवायची जागा उघडी, वर गवताने शाकारलेलं छप्पर आणि त्या छपराखाली पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ. कोपऱ्यात केळीचं दाट बन होतं, त्यात रंगीत दिवे लावले होते. आमच्या खोलीला समुद्राकडचा सज्जा. पंखा नको इतका वारा.

मायने सगळं फिरून पाहिलं आणि छपराखाली येऊन थांबली.

“इतला पैसा शे, मंग कौलं का नही टाकी ऱ्हायनात?”

एवढा पैसा असून कौलं का घालत नाहीत. संध्याकाळी दादा आला तेव्हा तिने त्यालाही हेच विचारलं, आणि तो पोट धरून हसला. मी त्याला इतक्या वर्षांनी पाहत होते. अंगाने भरला होता, कपाळ मोठं झालं होतं, पण हसताना मान मागे टाकायची सवय वडलांची होती. मायने ती पाहिली आणि दुसरीकडे बघू लागली.

एक गोष्ट मला पहिल्याच संध्याकाळी खटकली. माय अहिराणीत विचारायची आणि दादा उत्तर द्यायचा पुस्तकी मराठीत. ‘मी ठीक आहे, आई.’ घरी आम्ही आईला कधी आई म्हटलेलंच नाही. खोलीत आल्यावर मायने विचारलं, तो आपली बोली विसरला का. मी म्हटलं, विसरला नाही, सवय मोडलीय. हे मी ठामपणे सांगितलं, पण मलाही नक्की माहीत नव्हतं.

जेवणाबद्दल वाचकांना सांगायला हवं. सूप पातळ, मासे उत्तम असं इतरांच्या तोंडून ऐकलं, आम्ही खात नाही. भाज्या उकडलेल्या आणि मीठ आपलं आपण घ्यायचं. शहाळ्यात नळी खोचून एक पेय यायचं, त्यात कागदाची छत्री. मायने चव घेतली आणि नारळाचं पाणी काढून सरबत का भरलं म्हणून वेटरशी वाद घातला. तो रत्नागिरीकडचा होता, त्याने दुसऱ्या दिवसापासून तिला गुपचूप साधं शहाळं आणून दिलं. चहाची किंमत पाहून मी चहा सोडला. अशा ठिकाणी आजही माझा हाच नियम आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाला थोडी सवड मिळाली. त्याने विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत वर केले आणि मायचा हात धरून तिला पाण्यात नेलं. लाट आली की ती मागे सरायची आणि लाट परतली की तिच्या मागे दोन पावलं जायची. मी वाळूत बसून होते. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं ठीकठाक आहे.

परत आल्यावर मायने गाठोडं सोडलं. भाकरी कडक झाल्या होत्या. दादा पलंगावर मांडी घालून बसला, भाकर मोडली, ठेच्याला लावली आणि खाऊ लागला. खाली ज्या टेबलावर त्याच्यासाठी जेवण मांडलं होतं तिथून दोनदा बोलावणं आलं, तो उठला नाही. नाक लाल झालं होतं, ठेच्याने म्हणू या. शेवटची भाकर संपली तेव्हा त्याने विचारलं, अजून आहे?

“घर गंज शे,” माय म्हणाली.

घरी पुष्कळ आहे. दादा हसला आणि हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

मी मायला सरळ म्हटलं की असं आडून बोलून चालणार नाही, तोंडाने विचार, घरी चल म्हणून. ती माझ्यावरच उखडली.

“पावनाले निवतं देतस. आंडोरले नही.”

पाहुण्याला आमंत्रण देतात, मुलाला नाही. तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. आमच्याकडे मुलाला ये म्हणणं म्हणजे तो आता घरचा राहिला नाही हे आपल्याच तोंडाने कबूल करणं. म्हणून मीही विचारलं नाही. बहिणीने विचारलं तरी ते मायनेच विचारल्यासारखं झालं असतं.

निघायच्या दिवशी सकाळी दादा आमच्या खोलीत आला. खाली आमची गाडी लागली होती, तो दुपारी विमानाने जाणार होता. माय दाराशी गाठोडं घेऊन उभी होती. ते आता रिकामंच होतं. तेवढ्यात खोलीतला टेलिफोन वाजला. दादाने उचलला आणि आमच्याकडे पाठ न करता, अर्धवट वळून, इंग्रजीत बोलू लागला. त्याचा साहेब असावा. माय एक पाऊल पुढे गेली. मला वाटलं ती निरोप घेतेय. तिने विचारलं,

“तू घर येस का?”

“येस,” दादा म्हणाला. मग पुन्हा, मान हलवत, “येस, येस.”

अहिराणी न जाणणाऱ्यांसाठी सांगते. आमच्यात ‘येतो’ला ‘येस’ म्हणतात. दारातून निघणारा माणूस ‘येस मी’ म्हणून निघतो. मायचा चेहरा मी पाहिला. तिने हात वर केला, त्याच्या गालावरून फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. दादा फोन कानाला लावूनच तिच्या पायाशी वाकला. फोनची तार ताणली गेली होती. त्याचं बोलणं संपेपर्यंत आम्ही जिन्यात होतो.

सुरतेहून निघालेल्या गाडीत मायने समोरच्या बाईला सगळं सांगितलं. समुद्र, गवताचं छप्पर, छत्रीवालं सरबत, आणि मुलगा येतो म्हणाला. बाई म्हणाली, भाग्याची गं तू. मी खिडकीबाहेर बघत होते. मी शिक्षिका आहे, चुकीचं उत्तर बरोबर म्हणून पुढे जाऊ देणं मला जमत नाही. शिवाय तिने घरी जाऊन वाट बघायला लागावं हे मला नको होतं. नवापूर गेल्यावर डबा रिकामा झाला तेव्हा मी तिला नीट समजावलं, की इंग्रजीत ‘हो’ला ‘येस’ म्हणतात, आणि दादा साहेबाला हो म्हणत होता. तिचा प्रश्न त्याने ऐकला की नाही हेसुद्धा सांगता येत नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला भीती होती तसं काही झालं नाही.

“माले बी कयस ते. तो फोनमा बोलना,” ती म्हणाली. “पन मी इचारं तव्हय त्याना तोंडमातून जे निंघनं, ते मन्हं.”

मलाही कळतं, तो फोनवर बोलला. पण मी विचारलं त्या वेळी त्याच्या तोंडून जे निघालं ते माझं. मग तिने पदर डोक्यावर ओढला आणि नंदुरबार येईपर्यंत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती.

धानोऱ्यात बाया जमल्या. माय म्हणाली, येस म्हणाला. शेजारची काकू टोचून बोलण्यात पटाईत. तिने विचारलं, येस ते ठीक, पण कवय येस, म्हणजे येणार कधी? माय म्हणाली, सवड मिळाली की. त्यानंतर कुणीही विचारलं की ती हेच सांगायची, आवाज जरासुद्धा न बदलता. वर्षं गेली. पुढे लोक मला विचारू लागले तेव्हा मीही ‘येस’ म्हणू लागले. आमच्या बोलीत मी, तू, तो, सगळ्यांना हेच एक रूप चालतं, आणि त्यात कधी येणार ते सांगावं लागत नाही.

दादा आला नाही. माय होती तोवर नाही, नंतरही नाही. त्याचा संसार तिकडे झाला, आता गुडघेही त्याला एवढा प्रवास करू देत नाहीत. त्याच्यावर माझा राग नाही. त्या दुपारी भाकर खाताना मी त्याला पाहिलंय.

राहिला प्रश्न, अशा हॉटेलांत पैसे घालावेत का. परवडत असेल तर जरूर जा, दोन दिवस पुरे, खोली समुद्राकडची मागा. मी पुढे निवृत्तीनंतर गोव्यात, केरळात, पुण्याजवळसुद्धा अशा ठिकाणी राहिले. नारळ तेच, वेताच्या खुर्च्या त्याच, गवताचं छप्पर आता जास्त महाग. सगळीकडे काउंटरवर नीटनेटकी मुलगी असते. मी खोलीची किल्ली मागते, ती हसून ‘येस, मॅडम’ म्हणते. आणि मी, एवढं शिकलेली, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केलेली बाई, कोण येतंय ते बघायला दाराकडे वळते.