घुमी डिस्क

आमचे हे बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, कागदपत्रं परत काढून देतात. डिस्क आली की आधी कानाला लावतात. आतून टकटक ऐकू आली की रोग कळला म्हणून खूश.

हल्ली मात्र त्यांना एका जागी बसवत नाही. गिऱ्हाइकं एसएसडी, म्हणजे ती नव्या प्रकारची डिस्क, घेऊन येतात. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाजही नाही.

"जुनी डिस्क मरायच्या आधी कुरकुरते, माणसाला सावध करते. ही घुमी एकदम डोळेच मिटते," असं म्हणत दुकानभर येरझारा.

धाकटे दीर समजावतात, "दादा, मोठ्या साठ्याला अजून हार्ड डिस्कच लागणार, स्वस्त पडते." पण ह्यांचं आपलं तेच. जेवतानाही तीच एसएसडी. सवत परवडली.

काल येरझारा घालता घालता हे मटकन खाली बसले. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, छातीत महिनाभर दुखत होतं. घरात कोणाला पत्ता नाही.

आज दवाखान्यात जरा बरं वाटलं, तर पुन्हा एसएसडीवरच घसरले. मी म्हटलं, "तिला कशाला नावं ठेवता? तुम्ही कधी कुरकुरलात?"