शिबिराच्या दिवसाची गोळी

नर्सची नोकरी संपली, पण माझी जीभ काही निवृत्त झाली नाही. तुमसरला आमच्या वस्तीतल्या विहारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत तपासणीचं शिबिर असतं. तिथं मी बीपी मोजते, महिन्याच्या गोळ्या देते आणि लोकांवर रागावते. येणारे बहुतेक राइस मिलमधले हमाल. विमा-बिमा कुणाचा नाही. माणूस अंथरुणाला खिळण्याआधी आजार पकडायचा, एवढाच आमचा उद्योग.

रागावून कुणी गोळ्या खात नाही हे कळल्यावर मी युक्ती काढली. ज्याचं बीपी ताब्यात, त्याचा आकडा मोठ्यानं सांगायचा आणि बाकावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

एका हमालाला वर्षभर टाळ्या मिळाल्या. पन्नाशीचा, पोती उचलून मान आखडलेला माणूस. शिबिराला इस्त्रीचा सदरा घालून यायचा. टाळ्या वाजल्या की लाजून खाली बघायचा, गोळी चुकवू नको म्हटलं की मान हलवायचा. त्याच्याकडे बोट दाखवून मी इतरांना झापायचे.

उन्हाळ्यात मिलमध्येच त्याला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं.

पुढच्या शिबिराला त्याची बायको आली. तिनं बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत वर्षभराच्या गोळ्या, जवळजवळ सगळ्या तशाच.

"दुसऱ्याच्या कामी येतीन," ती म्हणाली.

त्यानं खाल्ल्या का नाहीत, मी विचारलं.

"रोज खाल्ली का जन्माची आदत लागते म्हनत. शिबिराच्या आदल्या दिवशी एक आन् त्या दिवशी सकाळी एक, एवढ्याच खात. तुमी टाळ्या वाजवत होत्या ना, बाई."

उभ्या नोकरीत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. काहीतरी करायचं म्हणून तिलाच खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला. वरचं एकशे ऐंशी. मी समजावलं, शेवटी हात जोडले. गोळी रोज खायची, एक दिवसही चुकवायची नाही. तिनं नवऱ्यासारखीच मान हलवली आणि गोळ्या पदरात बांधल्या.

टाळ्या मी त्याच दिवशी बंद केल्या.

पुढच्या महिन्यात ती घडीचं लुगडं नेसून आली. वरचं एकशे तीस. मी आकडा बोलले नाही, नुसता कार्डावर लिहिला.

"बरोबर आलं ना, बाई?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. घरी किती गोळ्या उरल्या, हे विचारायचा मला धीर झाला नाही.